अक्षर लागत नाही

नमस्कार, श्रोतेहो. हातानं लिहिलेलं वाचता आलं नाही की आपण म्हणतो, “अक्षर लागत नाही.” सूर लागतो, तहान लागते, तसंच अक्षरही लागतं, नाहीतर लागत नाही. आज मला या ‘लागत नाही’बद्दल बोलायचं आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं सासरचं जुनं घर. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक कागद निघाला. मोडीतला. घडीवर फाटलेला, पण शाई अजून काळीभोर. मोडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी वरची रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. आणि दोन शब्दांत जागा सोडायची रीतच नाही, अख्खी ओळ एकसंध. एवढं ध्यानात ठेवा, शब्द सुटे नसतात. पुढे कामाला येईल.

माझी लेक दहावीत आहे. तिनं फोनवर फोटो काढला आणि एका ॲपला दिला. अर्ध्या मिनिटात स्वच्छ देवनागरी मजकूर हजर! सरकारकडे केलेला अर्ज, अमरेली प्रांतातली जमीन, मोजणी झाली आहे, साऱ्यात सूट मिळावी. कुठे अडखळणं नाही. लेक ओरडली, “आई, आपली अमरेलीला जमीन होती!” संध्याकाळी पुण्याहून दिरांचा फोन, “वहिनी, सातबारा कुठून काढायचा ते विचारून ठेवा.”

मी कागद घेऊन खालच्या मजल्यावर अप्पांकडे गेले. अप्पा एक्याण्णव वर्षांचे. त्यांना मोडी त्यांच्या वडिलांनी शिकवली, पाटीवर. त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली, भिंग घेतलं आणि पहिल्या ओळीलाच मान हलवली. “हा अर्ज नव्हे गं. घरचं पत्र आहे. ऐक. ‘तीर्थस्वरूप दादांचे सेवेसी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.’ सरकारला असं लिहितात का कोणी?”

पत्र माझ्या यजमानांच्या पणजोबांचं. ते बडोदा संस्थानच्या शाळाखात्यात कारकून होते, नेमणूक अमरेलीला, आणि पत्र बडोद्यातल्या थोरल्या भावाला. शके १८३३, आश्विन. म्हणजे १९११.

अमरेली म्हटलं की मला राहवत नाही. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ मध्ये तिथेच सुरू केला आणि १९०६ मध्ये तो अख्ख्या संस्थानाला लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, आणि मग पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. त्या काळातलं तंत्रज्ञान म्हणजे ती लाकडी पेटी. आज शाळांना टॅब्लेट वाटतात, जरूर वाटावेत. पण आपल्या गावाच्या दफ्तरात मोडीचे कागद पडून आहेत आणि आपल्या मुलांना त्यातली एक ओळ लागत नाही, हे मला फार लागतं. शनिवारचा एक तास मोडीला द्या, माझी ही मागणी जुनी आहे.

असो, पत्राकडे येते. अप्पांनी दोन संध्याकाळी बसून पेन्सिलीनं देवनागरी प्रत केली. बारीक, सुवाच्य. मधोमध एक जागा कोरी, खाली रेघ. मी विचारलं, तर म्हणाले, “इथं मला लागत नाही.”

श्रोतेहो, माझ्या मनात बसलं ते हे. यंत्राला सगळंच लागलं होतं, आणि सगळं चुकीचं. अप्पांना एक शब्द लागला नाही, आणि त्यांनी ती जागा कोरी ठेवली. पुन्हा सांगते, कोरी ठेवली. अंदाजानं भरली नाही. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, यंत्राला मोडी शिकवण्याची खटपट चालू आहे, ती व्हायलाच हवी, कारण एवढं दफ्तर माणसाच्यानं वाचून संपणार नाही. पण ‘लागत नाही’ म्हणायलाही त्याला शिकवा.

न अडखळता बोलणाऱ्या आवाजाची आपल्याला भूल पडते. फोनवर गणवेशातला कुणी खडसावतो, “तुमच्या नावे गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका,” आणि शिकलीसवरलेली माणसं आयुष्याची पुंजी पाठवून बसतात. डिजिटल अरेस्ट अशी अटक कायद्यात नाही. नाहीच. फोन ठेवा आणि १९३० ला कळवा. एक, नऊ, तीन, शून्य. घरात एकटं माणूस असेल तर हा आकडा फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा.

तर तो कोरा शब्द. अप्पा त्याच्या मागे लागले होते. ओळ होती ‘मुलास’पासून पुढे, आणि शब्द सुटे नाहीत हे मघाशी सांगितलंच. अप्पा कधी ‘छबडा’ म्हणून बघत, कधी ‘बडा’. मराठीत काही बसेना. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या बेन आल्या नाहीत, त्यांची सून आली. अप्पांनी दारातूनच विचारलं, सासूबाई कुठे? ती म्हणाली, नातवाला अछबडा निघाल्या आहेत, म्हणून घरी.

एक्याण्णव वर्षांचा माणूस कठडा धरत जिना चढून आमच्या दारात आला. “अछबडा! अगं, गुजराती शब्द आहे तो! कांजिण्या!” अमरेलीत राहून पणजोबांच्या मराठीत तो शिरला होता, जसा आपल्या बडोद्याच्या घरांत रोज एखादा शिरतो. अप्पा सगळीकडे शोधत होते, फक्त शेजारच्या भाषेत शोधायचं राहिलं होतं.

अप्पांनी उभ्या उभ्या पेन्सिल मागितली, कोरी जागा भरली आणि ओळ मोठ्यानं वाचली. “मुलास अछबडा निघाल्या कारणे दिवाळीस येणे होत नाही. फराळाचे पाठवू नये, पथ्य आहे. वहिनींस सांगावे, काळजी न करावी.”

ते मूल म्हणजे माझे आजेसासरे. लेक काही न बोलता बाहेरच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली आणि त्यांच्या तसबिरीची काच ओढणीनं पुसली. डाव्या भुवईच्या वर एक खळगा आहे. रोज नमस्कार करताना आम्ही तो सगळ्यांनी पाहिलेला.

नमस्कार.