पैठणीची हौस आणि तिचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

लग्नसराई तोंडावर आली की नाशिकची बरीच घरं पैठणीसाठी येवल्याच्या वाटेला लागतात. दुकानात गादीवर पाचवी साडी उलगडेपर्यंत घरून ठरवून आणलेला आकडा मागे पडतो, आणि ‘हौसेला मोल नसतं’ म्हणत कार्ड पुढे होतं. हौस जरूर करावी. 40,000 रुपयांची साडी म्हणजे उधळपट्टीच, हे आम्हांला पटत नाही. पैसे कुणाचे आणि ते कशाचे मोजतोय, एवढं मात्र ठाऊक हवं.

कार्डावर 40,000 थकवले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असलं, तर पहिल्याच महिन्याचं व्याज 1,400 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 252. पाच टक्क्यांच्या हिशेबाने किमान रक्कम 2,000 भरली, तर मुद्दल उतरतं फक्त 348 रुपयांनी! ‘बिनव्याजी हप्ता’ ऐकून हुरळूनही जाऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं आहे. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्याचा. प्रोसेसिंग फी धरून फरक दिसतो. त्यापेक्षा वर्षभर आधी महिना 3,300 रुपयांचं आवर्ती खातं उघडलं, तर व्याजासकट साडीचे पैसे हातात येतात.

आता साडीकडे वळू. इथे खरी फसगत होते ती सेमी, म्हणजे यंत्रमागावरची, पैठणी हातमागाच्या भावात गळ्यात पडते तेव्हा. सेमी नेसण्यात कमीपणा काहीच नाही. भाव मात्र सेमीचाच द्यावा. पारख पदरावर करा, अंगावरच्या बुट्ट्यांवर नको, कारण हातमागाच्या बुट्ट्यांमागेही धागे सुटलेले असू शकतात. पदर उलटा करून बघा. हाताने विणलेला मोर किंवा कोयरी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागावर तोच धागा मागून लांबवर जातो. मग उलट्या बाजूला कापलेली टोकं किंवा लोंबते धागे दिसतात. नक्षी जरा कमी-जास्त असेल तर नाक मुरडू नका, ती हाताची खूण आहे.

सिल्क मार्क दिसला की लोक निर्धास्त होतात. तो फक्त रेशमाच्या शुद्धतेची हमी देतो. साडी हातमागाची आहे असं तो म्हणत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जरीचं विचारायला संकोचू नका: पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे, आज बहुतेक साड्यांत तशी जर नसते. रेशीम, हातमाग, जरीचा प्रकार, तिन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला बिलावर जागा नसते.

फॉल, ब्लाउज, ड्रायक्लीन यांचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

साडी नेसून झाली की लगेच घडी घालू नका. रात्रभर सावलीत वाऱ्यावर टाका. जरीवर अत्तर मारू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी मलमलच्या कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच घडीवर रेशीम चिरतं.

नमस्कार.