टोकन आज, दलाली कधी?

वाकड. रविवार सकाळ. दत्त मंदिर रस्त्याजवळच्या एका सोसायटीच्या गेटवर एजंट पार्टीची वाट बघतोय. खिशात तीन फ्लॅटच्या किल्ल्या, हातात दोन मोबाईल.

‘दोन दारं उघडून दाखवायची आणि लाखभर रुपये घ्यायचे,’ असं पुण्यात एजंटांबद्दल सर्रास बोललं जातं. हिशोब मांडून बघूया.

समजा, सत्तर लाखांचा रीसेल फ्लॅट आहे. दलाली प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के सांगितली जाते, घासाघीस होऊन बऱ्याचदा एकावर येते. खरेदीदार एका एजंटचा आणि मालक दुसऱ्याचा असेल, तर ‘साइड बाय साइड’: ज्याची पार्टी, त्याची दलाली. म्हणजे ७० हजार. पण टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिल्यानंतर कर्जमंजुरी, सोसायटीची एनओसी, मालकाच्या जुन्या कर्जाचा बोजा उतरवणं आणि मग दस्तनोंदणी, यात दोन-तीन महिने सहज जातात. बँकेनं कर्ज कमी दिलं आणि सौदा फिसकटला, की इतक्या दिवसांच्या फेऱ्या, पेट्रोल, फोन सगळं एजंटच्या अंगावर.

नव्या प्रकल्पात पैसे बिल्डर देतो. तिथे एजंटला ‘चॅनल पार्टनर’ म्हणतात. ८० लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के धरले, तर १ लाख ६० हजार. ऑक्टोबर २०२४ पासून दलालीवरचा टीडीएस पाचवरून दोन टक्क्यांवर आला, तो कापून १ लाख ५६ हजार ८००. मात्र अ‍ॅग्रीमेंट नोंदलं गेल्यावर आणि ग्राहकाचा ठरलेला हप्ता बिल्डरकडे जमा झाल्यावरच बिल लावता येतं. पुढे चेकसाठी पुन्हा चकरा. त्यातही सेल्स ऑफिसात ‘हा क्लायंट आमच्याकडे आधीच टॅग आहे’, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावावर नोंदलेला आहे, असं उत्तर आलं, तर दोन रविवार सोबत फिरून आणलेलं गिऱ्हाईक हातचं जातं. हा अन्याय आहे, आणि तो एजंटला मुकाट्यानं गिळावा लागतो.

घरखर्च निघतो तो भाड्याच्या कामांतून. ११ महिन्यांच्या करारामागे साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मिळतं. २५ हजारांचा टू बीएचके लावला, तर किल्ली देतानाच पैसे हातात. मे-जूनमध्ये, शाळा-कॉलेजं सुरू होण्याआधी, या कामाला उसंत नसते. बुकिंगचे दिवस मात्र पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याचे. पितृपक्षात टोकन द्यायला सहसा कुणी धजत नाही.

घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्यानं दलालीचा दर ठरवलेला नाही. त्याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणानं, महारेरानं, मात्र एजंटांना नोंदणीबरोबर प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. ते योग्यच झालं. आयुष्यभराची पुंजी गुंतवणाऱ्याला सल्ला देणारा माणूस जाणकार हवाच.

पण त्या जाणकाराचा मोबदला आजही बहुतेक वेळा तोंडी ठरतो. मालक आणि खरेदीदार एकदा समोरासमोर बसले, की ‘एवढं कशाला, थोडं कमी करा’ सुरू होतं, आणि तेव्हा एजंटकडे दाखवायला कागद नसतो. टोकनच्या पावतीसोबतच दलालीची रक्कम आणि ती कधी द्यायची हे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तर निम्मे वाद तिथेच मिटतील. कागद एक, वेळ पाच मिनिटं.