उजाडायच्या आत: पॅसिफिक युद्धाच्या खेळातला नौदलाचा तोफमारा

पॅसिफिक युद्धावरच्या संगणक-खेळात नौदलाच्या तोफमाऱ्याचा, म्हणजे जहाजांवरून किनाऱ्यावर तोफा डागण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, तोफ केवढी? चौदा इंची की सोळा इंची? मी आधी विचारतो, रात्र किती तासांची आहे?

१३ ऑक्टोबर १९४२ ची रात्र घ्या. ग्वाडलकॅनाल बेटावरच्या हेंडरसन फील्ड या धावपट्टीवर अमेरिकी विमानं होती, म्हणून जपानी मालवाहू जहाजांना दिवसा बेटाकडे फिरकायची सोय नव्हती. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास कोंगो आणि हारुना या दोन जपानी बॅटलशिप (मोठ्या तोफांच्या युद्धनौका) आल्या. सुमारे ऐंशी मिनिटांत त्यांनी चौदा इंची ९७३ गोळे टाकले. विमानांचं जवळजवळ सगळं इंधन जळालं आणि निम्मीअधिक विमानं कामातून गेली. तीन वाजायच्या आत तोफा थांबल्या होत्या. मला ९७३ पेक्षा हे ‘तीनच्या आत’ जास्त मोलाचं वाटतं.

आता हिशोब मांडू. तिथली रात्र साधारण बारा तासांची. तुमचा ताफा २५ नॉटनं (ताशी २५ सागरी मैल) धावतो आणि अंधार पडताना १७५ सागरी मैलांवर आहे, असं धरा. एक वाजता पोचलात, तासभर मारा केलात, दोनला वळलात. सहाला उजाडलं तेव्हा तुम्ही फक्त १०० मैल दूर! डाइव्ह बॉम्बरला (सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला) तेवढं अंतर तासाभराचंही नाही. म्हणजे अंतर तुम्हाला वाचवत नाही. त्या तासात धावपट्टीची जी दैना केलीत, ती वाचवते. परतीच्या वाटेचं संरक्षण म्हणजेच तो तोफमारा. अर्धवट मारा करून निघालात, तर सकाळी त्याच धावपट्टीवरून विमानं उठणार.

हिएई या जपानी बॅटलशिपचं हेच झालं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या पहाटे ती किरिशिमा या दुसऱ्या बॅटलशिपसोबत त्याच कामगिरीवर निघाली होती, तोफांसाठी किनाऱ्यावर मारायचे गोळे तयार होते. वाटेत अंधारात अमेरिकी क्रूझर (बॅटलशिपहून लहान युद्धनौका) आडव्या आल्या. धावपट्टीवर एकही गोळा पडला नाही. हिएईचं सुकाणू निकामी झालं, ती जागच्या जागी फिरत राहिली आणि उजाडल्यावर हेंडरसनच्या विमानांनी तिला दिवसभर झोडपलं. संध्याकाळी ती बुडाली.

‘वॉर इन द पॅसिफिक’सारख्या संगणक-खेळात, जिथे एक टर्न (खेळी) म्हणजे एक दिवस, तिथे हाच हिशोब लागतो. माझी एक बॅटलशिप अशीच गेली. तिनं गोळे भरपूर टाकले होते, पण दोन दिवस टोही (टेहळणी करणारी) विमानं पाठवली नव्हती, त्यामुळे गोळे धावपट्टीऐवजी भलतीकडेच पडले. लक्ष्य नीट हेरलेलं नसेल तर तोफेचा आकार कामाला येत नाही. दुसरं, दारूगोळा. एका माऱ्यात तो भराभर संपतो आणि पुन्हा भरायला पुरेसं मोठं बंदर लागतं. दररोज रात्री तीच जहाजं पाठवू म्हणणाऱ्यांनी नकाशावर ते बंदर आधी शोधावं.

सैन्य उतरवण्यापूर्वीचा मारा मात्र वेगळ्या जातीचा. तिथे घाई नडते. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावावर काही तासांच्या भडिमारानंतर मरीन (अमेरिकेचे नौसैनिक पायदळ) उतरले. तिथलं बेत्यो बेट इतकं सपाट, की उथळ कोनात आलेले कित्येक गोळे उसळून पलीकडे गेले. नारळाच्या ओंडक्यांचे आणि वाळूचे बंकर टिकले. ७६ तासांत सुमारे १००० अमेरिकी मेले. पुढे १९४४ च्या जुलैमध्ये मारियाना बेटांपैकी ग्वामवर अमेरिकी ॲडमिरल कॉनोली यांनी तेरा दिवस मारा चालवला, जवळ जाऊन, एकेक ठिकाण हेरून. पण तेरा दिवस तळ ठोकून बसायचं तर आभाळ आपलं हवं. मारियानाच्या समुद्रात जूनमध्येच जपानी विमानवाहू ताफ्याची विमानं संपली होती, म्हणून ते जमलं. १९४२ चा खेळाडू असा बसला तर त्याची जहाजं दुसऱ्या सकाळीच जातील.

म्हणून टर्न पुढे ढकलण्याआधी मी तीनच गोष्टी बघतो: ताफा अंधार पडताना किती मैलांवर असेल, त्या तळाचे ताजे टोही अहवाल आहेत का, आणि वाटेत शत्रूच्या क्रूझर दिसल्या होत्या का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर क्रूझरशी लढायला वेगळा ताफा पुढे काढतो आणि बॅटलशिप एक रात्र मागे ठेवतो.