घरोट फिरलं की गाणं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बहिणाबाई चौधरींबद्दल. आता तुम्ही म्हणाल, जळगावच्या माणसाला बहिणाबाई सांगणं म्हणजे रावेरला केळी विकायला नेणं. खरंय. म्हणून पुस्तकातलं भराभर उरकतो. १८८० साली आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे, ऐन उमेदीत कपाळ पांढरं झालेलं, पदरी तीन लेकरं, अक्षराची ओळख नाही. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाण्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे २०१८ पासून जिच्या नावानं आपलं विद्यापीठ आहे, त्या बाईनं स्वतःचं पुस्तक कधी हातात धरलं नाही. छापखाना मात्र पाहिला होता, आणि त्याच्यावर गाणंही केलं. कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र येडा तो येडाच राहतो, असं त्यात म्हणून ठेवलंय. वाचता न येणारी बाई हे म्हणते!

आणि एक सांगून टाकतो, कारण मला राहवत नाही. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. व्यासपीठावर येणारा प्रत्येक पाहुणा 'अहिराणीच्या कवयित्री' म्हणून सुरुवात करतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. अहो, ती लेवा गणबोली, जळगाव-भुसावळकडच्या लेवा पाटीदारांची बोली. धुळ्याकडची अहिराणी बाई जात्याला घट्या म्हणेल, बहिणाबाई म्हणतात घरोट. दोन्ही बोल्या आपल्याच, दोन्ही गोड, पण वेगळ्या. असो.

तर घरोट. मला आज एवढंच सांगायचंय की हे गाणं हाताचं आहे. हात थांबला की गाणं थांबलं. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, मावशीनं शिकवलं.

यावल तालुक्यात माझ्या मावशीचं गाव. कॅसेटचा जमाना होता. मला कुणीतरी डोक्यात भरवून दिलं की म्हाताऱ्या बायांची गाणी टेप करून ठेव. मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला, नवे सेल घातले, दोन कोऱ्या कॅसेटी घेतल्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मावशीकडे हजर. मावशीनं आधी भरीत-भाकरी वाढली. बामणोदची वांगी, तुरकाट्यांवर भाजलेली. (हल्ली लोक गॅसवर वांगी भाजतात आणि त्याला भरीत म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मी जेवत नाही, एवढंच.) हात धुतले, टेप सुरू केला आणि म्हटलं, "मावशी, म्हण."

मावशी गप्प. टेपची चाकं फिरताहेत, मावशी त्यांच्याकडे बघतेय. एक ओळ म्हणाली, अडकली. दुसरी सुरू केली, तीही अर्ध्यावर तुटली. शेवटी वैतागून म्हणाली, "अरे बाप्पा, आसं बसल्या बसल्या गानं येतं का? हाताले काही पाह्यजे ना!"

झालं, जात्याचा शोध सुरू. गावात गिरणी येऊन कितीतरी वर्षं झाली होती. वरची पाळी जिन्याखाली सापडली, तिच्यावर रॉकेलचा डबा. खालची तळी कुठे? तिच्यावर पाण्याचा माठ! वहिनी म्हणाली, आत्ताच भरलाय, हात लावायचा नाही. मग वहिनीची मनधरणी, माठ उपसणं, माठ हलवणं. दोन्ही पेडं धुतली, ओसरीवर मांडली, तर खुंटा नाही. खुंट्यावाचून जातं फिरणार कसं? मावशीच्या नातवानं आतून क्रिकेटचा स्टम्प आणला. ठोकून बसवला. बसला की हो!

मावशीनं पदर खोचला, एक पाय लांब केला, उजव्या हातानं स्टम्प धरला, डाव्या हातानं दादर ज्वारीची मूठ घातली. दोन फेरे नुसतेच झाले. तिसऱ्या फेऱ्याला आवाज लागला. आणि मंडळी, मघाशी एका ओळीला अडणारी बाई, दिवेलागण झाली तरी थांबेना. माहेरची गाणी, गौराईची, भावाची, मेलेल्या सासूला दिलेल्या गोड शिव्यासुद्धा. मध्येच माझ्या टेपकडे नजर गेली आणि तिथल्या तिथं जोडलं:

अरे डबड्या डबड्या
तुले कान ना रे डोया
माह्या पोटातलं गानं
तू रे गियतो का भोया

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, पण खरी गंमत तिच्या डाव्या हातात होती. 'डबड्या' दुसऱ्यांदा म्हणताना तो हात सुपात जायचा आणि मूठ जात्याच्या तोंडात रिकामी व्हायची. दर कडव्याला तसंच. शब्द दोनदा म्हणायचा, तेवढ्यात जात्यात दाणे घालायचे, आणि पुढची ओळ तोवर पोटात तयार.

आता बहिणाबाई आठवा. 'अरे संसार संसार', 'मन वढाय वढाय', 'अरे घरोटा घरोटा'. पहिल्याच ओळीत शब्द दोनदा. बोटांवर अक्षरं मोजा: अ-रे-घ-रो-टा-घ-रो-टा. आठ. संसार मोजा, आठ. वढाय मोजा, आठ. शाळेत मास्तर सांगायचे, शब्दावर जोर यावा म्हणून तो दोनदा. असेल. मला मात्र त्या दुसऱ्या शब्दात दाण्यांची मूठ दिसते. आणि ती स्वतःच सांगते ना, घरोटातून जशी पिठी पडते, तसं माझं गाणं पोटातून ओठावर येतं. आपण त्याला उपमा म्हणतो आणि पान उलटतो. मावशीच्या ओसरीवर बसलो तेव्हा कळलं की ती उपमाबिपमा काही नाही, बाई सरळ कामाची रीत सांगतेय. पुन्हा सांगतो, हात थांबला की गाणं थांबलं.

बहिणाबाई कधी मंचावर उभ्या राहिल्या नाहीत. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, मोट, सगळ्याची गाणी आहेत आणि सगळी राबत्या हातांची आहेत. आसोद्याच्या माहेरानं ओवी दिली, जळगावच्या सासरनं काम दिलं. फरक एवढाच की बहिणाबाईंना सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता. त्यानं आणि मावसभावानं ऐकता ऐकता गाणी उतरवून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. माझ्या मावशीकडे फक्त मी होतो, आणि माझं काय झालं ते ऐका.

पहिली कॅसेट कधी संपली ते मला कळलंच नाही. दुसरी घालायचं भान राहिलं नाही. जी भरली, ती घेऊन एका जाणत्या माणसाकडे गेलो. त्यानं कानाला लावून ऐकली आणि म्हणाला, "गाणं चांगलंय हो, पण मागं घरघर फार आहे. जात्याशिवाय म्हणून घ्या."

जात्याशिवाय!

त्या पिठाच्या भाकरी मावशीनं त्याच रात्री केल्या होत्या. जात्याचा दगड कित्येक वर्षांत टाकी लावून खरबरीत केलेला नव्हता, पीठ भरड, घासागणिक दाताखाली कचकच. वहिनी म्हणाली, "खा आता तुमचं गानं." खाल्ल्या, चार खाल्ल्या.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. आज सोबत घेऊन आलोय, आपले तंत्रज्ञ आता लावताहेत. सुरुवातीला थोडा वेळ नुसती घरघर येईल. रेडिओ बिघडला समजून बटण पिळू नका. तिसऱ्या फेऱ्याला मावशीचा आवाज लागेल.