खेळाचा तास गणिताला देऊ नका

मंडळी, चौथीला शिकवत असताना मी वर्षानुवर्षं एक चूक केली. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला लावायचो. पालकही खूश असायचे. लातूर पॅटर्नच्या मुलखात त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

आता हातच्याची वजाबाकी बघा. ५२ वजा २७. लेकरू एककाच्या घरात २ आणि ७ बघतं, घाईत सातातून दोन काढतं आणि ३५ लिहून मोकळं होतं. हातचा त्याला शिकवलेला असतो, विचारलं तर सांगतंही. पण आधी सुचलेलं उत्तर क्षणभर अडवून धरणं त्याला जमत नाही. हे अडवून धरणं म्हणजेच मनावरचा ताबा, आणि कपाळामागचा मेंदूचा भाग त्यात मोठं काम करतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संशोधक चार्ल्स हिलमन यांनी शरीर हलवल्यानं हा ताबा सुधारतो का, नेमकं हेच तपासलं. २००९ साली छापून आलेल्या अभ्यासात नऊ-दहा वर्षांची २० मुलं होती. चाचणी अशी, की मधल्या चिन्हाचं तोंड कुठं आहे तेवढंच सांगायचं, बाजूची चिन्हं उलटी असली तरी फसायचं नाही. एका दिवशी मुलं नुसती बसून राहिली, दुसऱ्या दिवशी २० मिनिटं भरभर चालली. चालल्यावर उत्तरं जास्त अचूक आली. पुढं २०१४ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या २२१ मुलांचा अभ्यास आला. शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळलेल्या मुलांचा हा ताबा बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारला, आणि जी नेमानं आली त्यांचा अधिक. पळालं की लगेच मार्क वाढतात, असं मात्र मी म्हणणार नाही.

आपल्याकडं तर खो-खो आहे. आठ जण पाटीवर बसलेले, तोंडं एकाआड एक उलट दिशेला. पळणारा हाताच्या अंतरावरून जातो, लेकराचे पाय शिवशिवतात, टाच उचलली जाते. पण मागून ‘खो’ आल्याशिवाय उठायचं नाही. उठल्यावर एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळायचं नाही. मैदानाच्या कडेला उभा राहून ती उचललेली टाच परत टेकताना मी बघतो, तेव्हा मला ५२ वजा २७ आठवतं. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्याच मातीतली मुलगी ती.

म्हणून मुलींच्या आयांना हात जोडून सांगतो, सहावी-सातवीला आली म्हणून पोरीला मैदानावरून घरकामाला ओढू नका. उन्हाचं मला कळतं. दुपारी आम्ही कुणालाच पळवणार नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी अर्धा तास आधी पाठवा. मैदानावर पाणी मारून ठेवायचं काम माझं.