बाळ किती तासांचं?

समोर आज्या बऱ्याच दिसताहेत, याचं मला फार बरं वाटलं. आज नवजात बाळाच्या काविळीबद्दल बोलायचंय, आणि तिचा माग दवाखान्याच्या फाइलीत कमी आणि घरच्यांच्या आठवणीत जास्त सापडतं.

बाळ पिवळं दिसतंय म्हणून फोन आला की मी आधी विचारतो, किती तासांचं आहे? पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ साधी समजायचीच नाही, रक्त लगेच तपासायचं. त्यानंतरची बहुतेक वेळा येऊन जाणारी असते. पूर्ण दिवसांच्या 100 बाळांतली साधारण 60 बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी होतात. बाळाच्या लाल पेशी आपल्यापेक्षा लवकर मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते झपाट्याने बाहेर टाकता येत नाही. अडचण अशी की ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर चढतं, आणि तोवर बाळंतीण घरी आलेली असते.

म्हणून सुट्टी व्हायच्या आधीच विचारायचं, की या बाळाला धोका जास्त आहे का? 37 आठवड्यांचं, पावणेतीन किलोचं बाळ बघून सगळे निर्धास्त होतात. पण 38 च्या आतलं बाळ अंगावर ओढताना दमतं आणि झोपून जातं. "झोपलंय, उठवू नका," असं आपणच म्हणतो. दूध कमी गेलं की शी कमी होते, आणि आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. आईचं दूध तोडणं हा त्यावर उपाय नाही. दिवसातून 8 ते 12 वेळा पाजायचं, झोपलं असेल तर उठवून पाजायचं. ग्लुकोजच्या पाण्याने किंवा मधाने कावीळ धुतली जात नाही.

आईचा रक्तगट पाठ असू द्या. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर त्रास बहुधा दुसऱ्या खेपेपासून होतो, म्हणून पुढच्या बाळाला जपणारं अँटी-डीचं इंजेक्शन आईने बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत घ्यायचं. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर मात्र पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते. व्हॅक्यूम लावून बाळंतपण झालं आणि डोक्यावर टेंगूळ आलं, तर तिथलं साकळलेलं रक्तही मोडतं आणि भर पडते.

एका बाळाच्या आजीने पाचव्या दिवशी मला सांगितलं, "याच्या मोठ्या भावालाही निळ्या लाइटखाली ठेवलं होतं." ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी आजीशी बोलल्याशिवाय बाळाला सुट्टी देत नाही.

आपल्याकडे बाळाला पहिलं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं. फार चांगली पद्धत. पण ते लुगडं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांजवळ असेल, तर धुऊन वापरू असंही म्हणू नका, दुसरं घ्या. जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही भराभर फुटतात. हा दोष मुलग्यांमध्ये जास्त असतो, म्हणून मामाला किंवा मोठ्या भावाला असं काही झालं होतं का, ते सांगा.

विदर्भात सिकलसेलची, म्हणजे लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची शंका हमखास येते. पण पहिल्या आठवड्यातल्या कावीळीमागे सहसा तो नसतो, कारण त्या वयात रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं.

आता ऊन. आज्यांचं निरीक्षण खोटं नाही. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात 1950च्या दशकात सिस्टर वॉर्ड या परिचारिकेलाही उन्हात नेलेली बाळं कमी पिवळी दिसली होती, आणि त्यातूनच पुढे फोटोथेरपीचा, म्हणजे काविळीवरच्या उपचाराचा तो निळा दिवा आला. पण दिव्याचा डोस मोजता येतो, नागपूरच्या उन्हाचा येत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, बाळाला उघडं करून अंगणात ठेवलं तर अंगातलं पाणी आटतं. त्याने कावीळ वाढते.

घरी बघायचं ते दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. कपाळावर बोट दाबून उचला, खालची कातडी पिवळी दिसते का बघा. बाळ सावळं असेल तर हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ पिईनासं झालं, सुस्त पडलं किंवा चिरक्या आवाजात रडायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर ऐकणं आणि हालचाली कायमच्या बिघडू शकतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, आणि आजींना सोबत घ्या.