खरेदीच्या सहीमागे कोण उभं असतं?

(ठाण्यात पालिका कर्मचारी, अभियंते आणि लघुउद्योजक पुरवठादार यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 सालचा. ठाणे महापालिका 1982 मध्ये झाली आणि नवी मुंबईची 1992 मध्ये, दोन्ही याच कायद्याखाली चालतात. शहर अभियंता, आरोग्य अधिकारी, मुख्य लेखापरीक्षक, सचिव ही पदं त्या कायद्यात नावानिशी आहेत. पाण्याच्या पंपापासून दवाखान्यातल्या हातमोज्यांपर्यंत सगळं या संस्था विकत घेतात, पण विकत घेणं हेच ज्याचं काम आहे असं पद त्या यादीत नाही. खरेदी हे नेहमी कुणाचं तरी जादा काम असतं. कनिष्ठ अभियंता साइट सांभाळून निविदा लिहितो, डॉक्टर ओपीडी आटोपून सिरिंजचं तपशीलपत्रक करतात, भांडारातला लिपिक मागच्या वर्षीची फाइल काढून तारखा बदलतो. ही मंडळी कामचुकार नाहीत. हे काम त्यांना कुणी शिकवलेलं नाही, एवढंच.

न शिकवण्याची किंमत किती पडते, ते एका पंपावर मांडून पाहू.

समजा, पाणीपुरवठ्यासाठी पंप घ्यायचा आहे. तो दिवसाला 20 तास, वर्षात 300 दिवस चालेल, म्हणजे वर्षाला 6,000 तास. वीज 8 रुपये युनिट धरू. एका पंपाची कार्यक्षमता 82 टक्के आहे आणि तो 200 किलोवॅट घेतो. दुसऱ्याची 78 टक्के. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायला तो 210.26 किलोवॅट घेईल. फरक सव्वादहा किलोवॅटचा, म्हणजे वर्षाला सुमारे 61,500 युनिट, म्हणजे जवळजवळ 4 लाख 92 हजार रुपये. आता दुसरा पंप 3 लाखांनी स्वस्त असेल, तर तुलनात्मक तक्त्यात तोच एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचा बोलीदार, येतो आणि कार्यादेश त्यालाच जातो. आठ महिन्यांच्या आत ती बचत वीजबिलात संपते आणि पुढची दहा वर्षं शहर पैसे भरत राहतं. लेखापरीक्षेत मात्र आक्षेप शून्य.

यावरचा उपाय दोन परिच्छेदांत निविदेत बसतो. पहिल्यात सांगायचं की बोलीदाराने ठरलेल्या प्रवाहाला आणि ठरलेल्या उंचीला किती किलोवॅट लागतील याची हमी द्यावी. मूल्यमापनात प्रत्येक जादा किलोवॅटमागे ठरावीक रक्कम त्याच्या दरात मिळवली जाईल. ही रक्कम मनाने टाकायची नाही. 6,000 तास गुणिले 8 रुपये म्हणजे वर्षाला 48,000. दहा वर्षांचा हा खर्च व्याजदर 8 टक्के धरून आजच्या किमतीत आणला तर सुमारे 3 लाख 22 हजार होतो. त्या हिशोबाने दुसऱ्या पंपावर 33 लाखांचा भार चढतो आणि क्रम उलटतो. दुसऱ्या परिच्छेदात चाचणी येते. कारखान्यात आपल्या अभियंत्यासमोर आयएसओ 9906 या पंप-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणी घ्यायची, कोणत्या श्रेणीची ते लिहायचं, आणि हमीपेक्षा वीज जास्त लागली तर त्याच दराने कपात करायची. हा दुसरा परिच्छेद राहिला तर पहिल्याला अर्थ उरत नाही, कारण कागदावर कार्यक्षमता कुणीही वाढवून लिहितो.

ही विद्या निविदा अपलोड करण्याच्या प्रशिक्षणात मिळत नाही. पोर्टल कसं चालवायचं, डिजिटल सही कुठे लावायची, हे आपण शिकवतो. काय मागायचं आणि बोली कशी तोलायची, हे शिकवत नाही.

पात्रतेच्या अटींचंही तेच. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये दिलेली मोजपट्टी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते: मागच्या सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामं, प्रत्येकी किमान अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची, किंवा दोन 50 टक्क्यांची, किंवा एक 80 टक्क्यांचं. आकडे सगळे नकलून घेतात. 'समान स्वरूपाचं काम' म्हणजे काय, हे मात्र लिहीत नाहीत. मग लिफाफा उघडल्यावर अर्थ लावायला बसतात, आणि तोवर कोणकोण स्पर्धेत आहे हे सगळ्यांना कळलेलं असतं. त्या क्षणी लावलेला प्रामाणिक अर्थही संशयाचा ठरतो.

1979 सालचा रमण दयाराम शेट्टी खटला खरेदीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने वाचावा. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाची आणि दोन स्नॅक बारची ती निविदा. अट होती, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा. काम ज्याला मिळालं त्याचा अनुभव कँटीन चालवण्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शासकीय संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक असते, मनात आलं म्हणून ती बाजूला ठेवता येत नाही. उशीर आणि इतर कारणांमुळे ते कंत्राट रद्द झालं नाही, पण तत्त्व कायम झालं. अट लिहिणाऱ्याने तिचा नेमका अर्थ आधीच ठरवला असता तर वाद उभा राहायला जागाच उरली नसती.

ही जाण देशात नव्हती असं नाही. रेल्वेची स्वतंत्र भांडार सेवा होती, तिचे अधिकारी अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून येत आणि भांडार-खरेदीतच मुरत. 2019 मध्ये रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करायचं ठरलं, त्यांत तीही आली. केंद्राचं पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय 31 ऑक्टोबर 2017 ला बंद झालं आणि त्याची जागा 2016 मध्ये सुरू झालेल्या जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलने घेतली. पोर्टलने दर उघड्यावर आणले, हे मोलाचं काम झालं. पण तपशीलपत्रक कसं असावं आणि माल तपासून घ्यायचा कसा, हे पोर्टल सांगत नाही. ते ज्यांना येत होतं ती माणसं विखुरली.

कायद्याच्या बाजूला पाहिलं तर तमिळनाडूने 1998 मध्ये, कर्नाटकने 1999 मध्ये आणि राजस्थानने 2012 मध्ये सार्वजनिक खरेदीचे कायदे केले. केंद्राचं विधेयक 2012 मध्ये लोकसभेत आलं आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झालं. या कायद्यांचा भर प्रक्रियेवर आहे. माझं मत असं की आता माणसावर भर द्यायला हवा. सनदी लेखापालांसाठी 1949 मध्ये कायदा झाला, वकिलांसाठी 1961 मध्ये. दोन्हींत परिषद आहे, नोंदवही आहे, वर्तनाचे नियम आहेत आणि नाव काढून टाकण्याचा अधिकार आहे. कोट्यवधींचा सार्वजनिक पैसा ज्याच्या टिपणीवर खर्च होतो त्याला यातलं काहीच लागू नसावं, हे मला कधीच पटलेलं नाही. अमेरिकेत सरकारच्या वतीने करार करणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अधिकारपत्र असतं, त्यावर मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या शब्दाने सरकार बांधलं जात नाही. संरक्षण खात्याच्या खरेदीदारांचं शिक्षण आणि प्रमाणपत्र तिथे 1990 च्या कायद्याने ठरवलं. ब्रिटनमधल्या खरेदी व्यावसायिकांच्या संस्थेला 1992 मध्ये राजसनद मिळाली.

आपल्याकडेही खरेदी करणाऱ्यांची अशी नोंदणी व्हावी, तिच्या तीन श्रेणी पुरतील. पहिलीला दरपत्रकं मागवून होणारी खरेदी. दुसरीला नेहमीच्या वस्तू आणि सेवांच्या दोन लिफाफ्यांच्या निविदा, म्हणजे तांत्रिक बोली आणि दर वेगवेगळे उघडायचे. तिसरीला पंप, बस, वैद्यकीय यंत्रं, मलनिस्सारण केंद्राचं पाच वर्षांचं चालन, असे गुंतागुंतीचे करार. ज्या श्रेणीची नोंदणी, तेवढ्याच निविदेवर सही. वरिष्ठाने दडपण आणलं तर 'ही अट स्पर्धा मारते, मी सही करणार नाही' असं लेखी म्हणण्याचा हक्क नोंदणीनेच दिलेला असावा, आणि त्या टिपणीबद्दल बदली होऊ नये.

बदलीचं दुखणं वेगळंच आहे. राज्याच्या 2005 च्या बदली कायद्यात पदावधी साधारण तीन वर्षांचा आहे. पुष्कळ करार पाच वर्षांचे असतात. दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाले तर कंत्राटदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत, सुरू होईपर्यंत निविदा लिहिणारा दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. त्यामुळे हस्तांतरण टिपणी सक्तीची हवी: कोणती हमी कधी संपते, कोणती सुरक्षा ठेव कधी परत करायची, बँक हमीचं नूतनीकरण कोणत्या तारखेआधी, कोणता वाद अर्धवट आहे. बँक हमी मुदत संपून गेल्यावर आठवली तर ती रद्दीच.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. केंद्राने ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत काही कामांसाठी गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भारांक द्यायची मुभा दिली. तरी 'एल-वन सोडला तर आक्षेप येईल' म्हणून हात मागे घेतला जातो. यावर औषध म्हणजे निर्णयाच्याच दिवशी लिहिलेली टिपणी: पर्याय कोणते होते, माहिती काय होती, हा का निवडला. चार वर्षांनी आठवून लिहिलेला खुलासा कुणी मानत नाही. अशी टिपणी असेल तर सद्‌हेतूने चुकलेल्याला संरक्षण मिळावं. ती नसेल तर मिळू नये.

आज वागळे इस्टेट आणि महापे-रबाळेकडचे पुरवठादार इथे बसले आहेत, म्हणून देयकांचं सांगतो. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. देयक अडतं ते बहुधा मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, नोंद उशिरा झाल्याने किंवा माल-तपासणीचा दाखला कुणी द्यायचा हेच न ठरल्याने. हे निविदेच्या मसुद्यातच नाव-पदासह लिहायचं. नाहीतर पुरवठादार पुढच्या वेळी तो उशीर दरात मिळवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

नोंदणीची परीक्षा पाठांतराची नको. एक खरी निविदा नावं झाकून हातात द्यावी आणि चार तास द्यावेत. तिच्यात पंपाची कार्यक्षमता लिहिलेली नसेल, एका कंपनीच्या माहितीपत्रकातली मापं जशीच्या तशी उतरवलेली असतील आणि 'किंवा समतुल्य' हे शब्द गाळलेले असतील, बोली भरायला सातच दिवस असतील, तपासणी कुणी करायची ते नसेल. उमेदवाराने दोष शोधावेत, हिशोब मांडावा आणि प्रसिद्ध करता येईल असं शुद्धीपत्रक लिहून द्यावं. तपासनीस पुरवठादारांमधलाही एक असावा, कारण निविदा कुठे अडते हे त्याला सगळ्यात आधी कळतं.